जुन्या संगणकात नवं ग्राफिक्स कार्ड: नेमकं अडतं कुठे?

ग्राफिक्स कार्ड एकच असतं. एका डेस्कटॉपमध्ये बसवलं की व्हिडिओ सुरळीत चालू लागतात. दुसऱ्यात तेच कार्ड बसवलं तर काडीचा फरक पडत नाही. तिसऱ्यात तर गेम उघडला रे उघडला की संगणक धाडकन बंद पडतो. कार्ड तिन्ही ठिकाणी धडधाकट आहे. मग हे काय गौडबंगाल आहे?

मोठ्या शहरातल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर चुकलं तरी चालतं, कारण दुकान दोन स्टेशनांवर असतं आणि तो कार्ड बदलून आणतो. बऱ्हाणपूर जिल्ह्यात, सातपुड्याच्या कुशीतल्या धूलकोटसारख्या गावात ते परवडत नाही. लग्नाचे किंवा होळीआधीच्या भगोरियाचे व्हिडिओ जोडून देणारा स्टुडिओवाला असो की घरातला अकरावी-बारावीचा मुलगा, हाताशी असतो तो आठ-दहा वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप. मनासारखं कार्ड बऱ्हाणपुरात मिळालं नाही, तर जळगावचं गोलाणी मार्केट गाठा, नाहीतर इंदूरचा सिल्व्हर मॉल. ऑनलाइन मागवलं आणि ते बसलं नाही, तर परत पाठवण्याचा व्याप वेगळाच. म्हणून खिशात हात घालण्याआधी कॅबिनेटच्या आत काय चाललेलं असतं, ते नीट समजून घेतलेलं बरं.

प्रोसेसर असताना कार्ड कशाला?

फुल एचडी पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार. हलतं चित्र गुळगुळीत दिसायला सेकंदाला ६० चित्रं लागतात. याचा अर्थ दर सेकंदाला १२ कोटींहून जास्त ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. प्रत्येक ठिपक्याचा हिशोब तसा सोपा असतो: प्रकाश कुठून येतोय, मागे काय आहे, सावली पडते का. काम अवघड नाही, पण त्याला अंत नाही.

बऱ्हाणपुरात यंत्रमागांची शेड पाहिलेल्या माणसाला यातलं मर्म चटकन कळेल. समजा, एक निष्णात विणकर आहे. कोणतीही नक्षी सांगा, मध्येच बदल सांगा, तो विचार करून विणून देतो. हा झाला प्रोसेसर. आणि शेजारच्या शेडमध्ये शेकडो माग एकच साधं कापड एकाच वेळी विणताहेत. एकेका मागाची अक्कल बेताची, पण संध्याकाळपर्यंत निघणारे तागे विणकराच्या हजारपट. ही शेड म्हणजे ग्राफिक्स कार्ड. घरगुती प्रोसेसरमध्ये चार, सहा, आठ गाभे असतात. २०१६ साली आलेल्या एनव्हिडियाच्या जीटीएक्स १०५० टीआय या मध्यम कार्डातसुद्धा ७६८ छोटे गणनघटक आहेत.

अनेकांनी मिळून एकाच वेळी हिशोब करायचा, हा विचार मराठी वाचकाला परका नाही. अमेरिकेकडून हवा तो महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. एक अवाढव्य प्रोसेसर करण्याऐवजी अनेक लहान प्रोसेसर एकत्र जुंपण्याची ती वाट होती. १९९९ मध्ये एनव्हिडियाने 'जीफोर्स २५६' हे कार्ड आणलं आणि 'जीपीयू' हा शब्द बाजारात रुळवला. पुढे हे दोन प्रवाह एकत्र आले. सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या महासंगणकांच्या यादीत ६३वा आला, तो एनव्हिडियाच्याच ए१०० या जीपीयूंच्या बळावर. घरच्या कार्डातली कल्पना आणि त्या यंत्रातली कल्पना एकच आहे.

शेड स्वतःच्या मनाने चालत नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. तिला नक्षी विणकराकडून मिळते, सूत बाहेरून येतं आणि वीजही बाहेरून येते. जुन्या संगणकात नवं कार्ड अडतं ते याच तीन ठिकाणी.

आधी दुखणं शोधा

सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला जास्तीत जास्त १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात प्रोसेसरला ठरवावं लागतं की कोणती वस्तू कुठे आहे, काय हललं, काय काढायचं. मग तो कार्डाला हुकूम देतो. जुन्या प्रोसेसरला या तयारीलाच २५ मिलिसेकंद लागत असतील, तर सेकंदाला ४० चित्रांच्या वर मजल जाणार नाही, मग कार्ड दहा हजारांचं असो की लाखाचं. विणकर नक्षी देईपर्यंत सगळे माग थांबलेले. तंत्रज्ञ याला 'बॉटलनेक' म्हणतात.

हे ओळखायला पैसे लागत नाहीत. विंडोज १० मध्ये २०१७ च्या शेवटी आलेल्या अपडेटपासून टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' पानावर जीपीयूचा आलेख दिसतो. संगणक जिथे अडखळतो ते काम सुरू करा आणि आलेख पाहा. जीपीयू ९५-१०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर निवांत असेल, तर कार्ड बदलून फायदा होईल. प्रोसेसर पूर्ण भरलेला आणि जीपीयू ४०-५० टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर नवं कार्ड बिनकामाचं. प्रोसेसरचा एकूण आकडा फसवा असू शकतो. चारपैकी एकच गाभा घामाघूम झालेला असेल तरी एकूण आकडा कमीच दिसतो, म्हणून प्रत्येक गाभ्याचा आलेख वेगळा उघडून बघावा.

आणि हे कळकळीने सांगतो: संगणक सुरू व्हायला पाच मिनिटं लागतात, फाइल उघडताना हार्ड डिस्कचा दिवा सतत पेटलेला असतो, अशी तक्रार असेल तर ग्राफिक्स कार्डाचा त्यात काही संबंध नाही. तिथे एसएसडी बसवावी, रॅम चार जीबी असेल तर आठ किंवा सोळा करावी. कार्डाच्या किमतीच्या तुलनेत हा खर्च थोडा असतो आणि फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

एसएमपीएस: लेबलवर काय लिहिलंय?

जुन्या डेस्कटॉपमध्ये कार्ड बदलताना सगळ्यात जास्त घात होतो तो इथे. एसएमपीएस म्हणजे घरातल्या २३० व्होल्ट विजेचं संगणकाला लागणाऱ्या १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करणारा डबा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची जवळजवळ सगळी भूक १२ व्होल्टच्या तारेवर असते.

स्वस्त असेंबल डेस्कटॉपमधल्या डब्यावर मोठ्या अक्षरांत '४५० वॅट' लिहिलेलं असतं. त्यावर विसंबू नका. त्याच लेबलवर बारीक अक्षरांत एक तक्ता असतो. त्यात १२ व्होल्टच्या खाली १६ अँपिअर लिहिलं असेल, तर गुणाकार करा: १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. कामाचे वॅट एवढेच.

आता खर्च मांडू. इंटेलच्या चौथ्या पिढीचा सर्वसाधारण आय५ प्रोसेसर ८४ वॅट, ७५ वॅटचं कार्ड, आणि मदरबोर्ड, डिस्क, पंखे मिळून चाळीसेक वॅट. बेरीज २०० च्या घरात जाते आणि डबा देणार १९२. ईमेल पाहताना काही होत नाही, कारण तेव्हा कोणीच पूर्ण वीज घेत नसतं. गेम उघडला किंवा व्हिडिओ रेंडरला लावला की सगळे एकदम मागू लागतात. १२ व्होल्टची पातळी ११.४ च्या खाली घसरली की ती मर्यादेबाहेर गेली. डबा बऱ्यापैकी असेल तर त्यातलं संरक्षण सर्किट वीज तोडतं आणि संगणक बंद पडतो. सुरुवातीच्या कोड्यातला तिसरा संगणक तो हाच. डबा हलका असेल तर संरक्षणच नसतं. मग जळतो तो डबा, आणि जाताना मदरबोर्डलाही घेऊन जातो.

मदरबोर्डवरच्या लांब स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळू शकतात, असा नियमच आहे. त्याहून जास्त हवं असेल तर एसएमपीएसमधून थेट वायर यावी लागते. सहा पिनांचा जोड आणखी ७५ वॅट देतो, आठ पिनांचा १५० वॅट. जुन्या डब्याला असे जोड बहुधा नसतात, आणि मग दुकानात हार्ड डिस्कच्या जोडापासून सहा पिना काढून देणारी वायर पुढे केली जाते. वायरीने पिना मिळतात, डब्याची ताकद वाढत नाही. अशा जोडणीच्या नादी लागू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून जुन्या डेस्कटॉपसाठी सुरक्षित मर्यादा एकच: ज्याला वेगळी वायर लागत नाही असं, ७५ वॅट किंवा त्याहून कमी वीज घेणारं कार्ड. जीटीएक्स १०५० टीआय आणि २०१९ चं जीटीएक्स १६५० यांच्या साध्या आवृत्त्या ७५ वॅटमध्ये चालतात, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं रूप ७० वॅटमध्ये. काही कंपन्या याच नावाच्या कार्डांचा वेग वाढवून त्यांना वायरीचा जोड देतात, तेव्हा खोक्यावरचा फोटो नीट पाहावा. याहून मोठं कार्ड हवंच असेल, तर आधी चांगल्या कंपनीचा नवा एसएमपीएस घ्या आणि उरलेल्या पैशांत कार्ड बसवा. उलट क्रमाने जाऊ नका.

गावात वीज ये-जा करत असेल तर यूपीएसचाही हिशोब करावा. ६०० व्हीए लिहिलेल्या घरगुती यूपीएसची खरी क्षमता साधारण ३६० वॅट असते, आणि त्यातच मॉनिटरही चालतो. बॅटरी म्हातारी झाली असेल तर लाईट गेल्यावर भरलेल्या संगणकाला ती काही सेकंदही धरून ठेवत नाही.

सूत येणारी वाट

कार्ड ज्या लांब स्लॉटमध्ये बसतं त्याला पीसीआय एक्सप्रेस म्हणतात. त्यात समांतर मार्गिका असतात, जास्तीत जास्त १६. प्रत्येक नव्या पिढीत मार्गिकेचा वेग साधारण दुप्पट झाला: दुसऱ्या पिढीत एका मार्गिकेतून सेकंदाला ५०० एमबी, तिसऱ्यात सुमारे १ जीबी, चौथ्यात सुमारे २ जीबी. नवं कार्ड जुन्या स्लॉटमध्ये बसतं आणि चालतंही, फक्त जुन्या स्लॉटच्या वेगाने. कार्ड सोळाही मार्गिका वापरत असेल तर तोटा किरकोळ असतो.

गोम आहे ती स्वस्त नव्या कार्डांत. एएमडीची २०२२ ची आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी ही कार्डं दिसायला लांब स्लॉटची, पण त्यांच्या मार्गिका चारच. चौथ्या पिढीच्या मदरबोर्डवर त्यांना सेकंदाला सुमारे ८ जीबी मिळतात. आपल्याकडे असेंबल डेस्कटॉपमध्ये सर्रास सापडणाऱ्या इंटेलच्या एच८१ मदरबोर्डवर हा स्लॉट दुसऱ्या पिढीचा आहे, म्हणून तिथे २ जीबीच. कार्डाची स्वतःची मेमरी पुरते तोवर हे जाणवत नाही. मेमरी भरली की कार्डाला संगणकाच्या रॅममधून माल आणावा लागतो, आणि त्या अरुंद गल्लीतून येणाऱ्या सुताची वाट पाहत सगळी शेड ठप्प होते. चित्र झटके खात चालतं ते तेव्हा. जुन्या मदरबोर्डसाठी चार मार्गिकांचं कार्ड घेऊ नये, मग ते कितीही नवं असो.

नाव एक, कार्डं दोन

कार्डावर किती जीबी मेमरी आहे हे सगळे विचारतात, ती किती वेगाने वाहते हे कोणी विचारत नाही. जीटी १०३० हे कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर५ मेमरीसह आलं. त्याचा मेमरीवेग सेकंदाला ४८ जीबी. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचं कार्ड बाजारात आलं, मेमरी तेवढीच २ जीबी, पण वेग जेमतेम १७ जीबी. गेममध्ये दुसरं कार्ड पहिल्याच्या निम्म्यावर येतं. खोक्यावरचं नाव तेच! ग्राहकाने खोक्यावर 'जीडीडीआर' हा शब्द शोधलाच पाहिजे. नुसतं 'डीडीआर३' किंवा 'डीडीआर४' लिहिलेलं कार्ड पडदा दाखवण्यापुरतं आहे असं समजावं.

स्टुडिओवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे आणि ती दुकानात सहसा कोणी सांगत नाही. तयार व्हिडिओ एमपी४ मध्ये बांधायचं काम, म्हणजे एन्कोडिंग, करण्यासाठी बहुतेक कार्डांत एक वेगळं सर्किट असतं. एनव्हिडियाच्या कार्डांत ते २०१२ पासून आहे. त्यामुळे लग्नाचा दोन तासांचा व्हिडिओ बाहेर काढायला लागणारा वेळ खूप कमी होतो. पण जीटी १०३० मध्ये हे सर्किट नाही. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी मध्येही नाही. व्हिडिओच्या धंद्यासाठी ही कार्डं घेणाऱ्याची निराशा ठरलेली. दुसरीकडे, इंटेलच्या २०११ पासूनच्या बहुतेक घरगुती प्रोसेसरांत 'क्विक सिंक' नावाचं असंच सर्किट अंगभूत असतं. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ते चालू आहे का, हे आधी पाहा. कधी कधी काही विकत न घेताच काम भागतं.

मॉनिटर आणि कॅबिनेट

जुन्या मॉनिटरला निळ्या डोक्याची व्हीजीए वायर असते. २०१६ नंतरच्या बहुतेक कार्डांनी हा जुना ॲनालॉग संकेत देणंच बंद केलं. साधा पिना जुळवणारा तुकडा इथे चालत नाही. एचडीएमआयच्या डिजिटल संकेतातून व्हीजीए तयार करणारा कन्व्हर्टर लागतो. तो स्वस्त मिळतो, पण आधी ठाऊक नसेल तर कार्ड घरी आल्यावर पडदा काळाच राहतो.

बँका-कार्यालयांतून निघालेले डेल, एचपी, लेनोवोचे बारके डेस्कटॉप सध्या सगळीकडे विकले जातात. त्यांच्या चपट्या कॅबिनेटमध्ये निम्म्या उंचीचं, म्हणजे 'लो प्रोफाइल' कार्डच मावतं. एसएमपीएसही कंपनीच्या स्वतःच्या मापाचा असतो, बाजारातला बसत नाही.

एप्रिल-मेची झळ

कार्डावरचा पंखा खोलीतलीच हवा फिरवतो, ती गार करत नाही. खोली ३० ऐवजी ४४ अंशांवर गेली की त्याच कामाला कार्डाचं तापमानही जवळजवळ तितकंच वर चढतं. ठरलेली मर्यादा आली की कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतं. हिवाळ्यात झकास चालणारा संगणक उन्हाळ्यात मंदावतो, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं. कापूस आणि यंत्रमागांच्या मुलखात धुळीबरोबर बारीक तंतूही उडतात आणि पंख्याच्या मागच्या जाळीत त्यांचा नमदा बनतो. उन्हाळ्याआधी कॅबिनेट उघडून ब्लोअर मारावा. तेव्हा पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर हवेच्या झोताने पंखा बेफाम फिरून बेअरिंग खराब होतं.

| दुकानात जाण्याआधी कागदावर लिहून घ्या |
|---|
| प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि मदरबोर्डचा क्रमांक |
| एसएमपीएसवर १२ व्होल्टखाली लिहिलेले अँपिअर, आणि सहा किंवा आठ पिनांचा जोड आहे की नाही |
| स्लॉटपासून समोरच्या पत्र्यापर्यंत कॅबिनेटमधली मोकळी लांबी, सेंटिमीटरमध्ये |
| मॉनिटरला कोणती वायर लागते |
| आत्ता जीपीयू आणि प्रोसेसर किती टक्के भरतात |

बसवताना

काम पंधरा-वीस मिनिटांचं आहे. संगणक बंद करून प्लग काढा, मग पॉवरचं बटण काही क्षण दाबून धरा म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज सोडून द्या. जुनं कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाची खिट्टी आधी दाबायची असते. जोर लावून ओढलं तर ती तुटते. नवं कार्ड दोन्ही टोकांना सारखा दाब देऊन बसवा, खिट्टीचा आवाज येईल, मग मागचा स्क्रू आवळा. ड्रायव्हर कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्या.

मॉनिटरची वायर मात्र मदरबोर्डमधून काढून नव्या कार्डात लावायला हवी. ती जुन्याच जागी राहिली की चित्र प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सवरूनच येत राहतं आणि नवं कार्ड नुसतं पंखा फिरवत बसतं. कोड्यातल्या दुसऱ्या संगणकात फरक का पडला नाही, याचं एक उत्तर प्रोसेसर, आणि दुसरं ही वायर.

सेकंडहँड घ्यावं का?

घ्यायला हरकत नाही, पण हातात घेऊन, चालवून बघून. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर त्याचं 'मायनिंग' करणं संपलं. तेव्हा रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डं जुन्या बाजारात उतरली. अशा कार्डाचा पंखा आणि चिपवरची उष्णतावाहक पेस्ट थकलेली असते. खरी भीती नकली कार्डांची आहे. २०१० च्या आसपासच्या जीटीएस ४५० सारख्या कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर बदलून ते '१०५० टीआय' म्हणून विकलं जातं, विंडोजही तेच नाव दाखवतं. 'जीपीयू-झेड' हा मोफत प्रोग्रॅम थेट चिप ओळखतो आणि अशा कार्डाच्या नावापुढे नकली असल्याची खूण दाखवतो. पैसे देण्याआधी तो चालवून बघा.

कुठवर खर्च करायचा?

इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या, म्हणजे २०११-१२ च्या संगणकात नवं कार्ड घालू नये असं मला वाटतं. चौथ्या ते सातव्या पिढीत ७० ते ७५ वॅटचं कार्ड ही हद्द मानावी. या संगणकांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. जीटीएक्स ७५० आणि जीटीएक्स ९०० व १००० मालिकांतल्या कार्डांना एनव्हिडियाने त्याच महिन्यानंतर नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं बंद केलं. ऑक्टोबर २०२८ पर्यंत त्यांना फक्त सुरक्षेची डागडुजी मिळेल. त्यामुळे १०५० टीआय आज नव्याच्या भावात देऊ केलं तर घेऊ नका, जुन्या बाजारात स्वस्तात मिळालं तरच घ्या. आठव्या पिढीपासून पुढचा संगणक असेल, तर एसएमपीएस आणि कार्ड दोन्ही बदलण्याचा खर्च सार्थकी लागतो.

जळगावला निघा की इंदूरला, वरच्या चौकटीतल्या नोंदींचा कागद खिशात ठेवा आणि दुकानदारासमोर ठेवा. "या संगणकात चाललं नाही तर बदलून द्याल का?" असं विचारा, आणि होकार बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.